मौनव्रती तुळसाबाईंनी मलेशियाचे नाके सर केले, त्याची हकीकत

"आई, सगळे कागद छापून हातातल्या थैलीत ठेव, बाबाच्या मोबाईलच्या भरोशावर राहू नोको." ऐसे वचन कन्या दीप्ती यांनी क्वालालंपुराहून फोनवर केले, आणि मातोश्रींचे कानी ते आरतीच्या घंटेसारखे घुमत राहिले, आणि पुढील प्रसंग त्या वचनावरच तरला, म्हणोन आरंभी तेच लिहिले. लांजकाई मायेस नमस्कार, वैनगंगेस नमस्कार. जे जाहले तेच येथे मांडिले असे. पदरचे मीठ पडले असेल तर चवीपुरतेच.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, बालाघाट शहरी राजमान्य राजेश्री दुलीचंदजी, लालबर्ऱ्याच्या राइस मिलचे निवृत्त मुनीम, आणि त्यांच्या धर्मपत्नी सौभाग्यवती तुळसाबाई सुखाने नांदत होती. तुळसाबाईंचा नेम ऐसा की, पहाटे देवापुढे हातावर पाणी घेऊन संकल्प सोडावा, आणि मग दुपारचे बारा वाजेतो मुखातून शब्द काढू नये. अकरा वर्षे यात खंड नाही. दूधवाला, गॅसवाला, जावई, सर्वांशी कारभार खुणेने. दुलीचंदजींचा नेम ऐसा की, बारापर्यंत दोघांचे बोलणे आपणच बोलावे, आणि बारानंतर आपले बोलावे.

ऐशा समयी खबर आली की, मलेशियाचे मुलखात हिंदुस्थानच्या पाहुण्यांस व्हिसाची दरकार नाही. दुलीचंदजींनी पानठेल्यावर उभे राहून जाहीर केले, "अजी, फ्री आहे न! गोंदियाले जातो तसं जाऊ, मन भरलं की वापस येऊ!" मग कन्येचे फर्मान आले की, व्हिसा माफ आहे, सवाल माफ नाहीत. पासपोर्टाची मुदत सहा महिन्यांहून अधिक असावी, आणि परतीचे तिकीट असावे, आणि मुक्कामाचा पत्ता असावा, आणि पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांतच आगमनाचा फॉर्म ऑनलाइन भरावा, आणि जवळ खर्चापुरते पैसे दिसावेत, आणि तीस दिवसांवर एक रोजही राहू नये, आणि बी-बियाणे, रोपटे, माती यांस सामानात सक्त मनाई.

दुलीचंदजींनी आठ दिवस आधीच फॉर्मावर हल्ला केला. फॉर्म तारीख घेईना. तेव्हां त्यांनी सर्व्हर नादुरुस्त असल्याचा निवाडा देऊन माघार घेतली. पुढे तुळसाबाईंनी पोहोचण्यास बरोबर तीन दिवस उरले असता, दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी, कंप्युटरच्या दुकानी जाऊन तो भरविला, आणि प्रत्येक कागदाच्या दोन दोन प्रती काढून लाल कापडाच्या थैलीत क्रमाने लाविल्या. शेजारच्या मैनाबाई सकाळीच तुळशीचे रोप आणि कारल्याच्या बिया घेऊन आल्या, तो तुळसाबाईंनी दोन्ही हात जोडून ते परत केले. मैनाबाई फणफणत गेल्या, "एवढी काहाची ऐट वं!" मग बारा वाजता तुळसाबाईंनी त्यांचे दारी जाऊन कायदा समजाविला, आणि तह जाहला.

कार्तिक वद्य पक्षी रविवारी कूच केले. राजेगाव, गोंदिया, नागपूर ऐशा मजली मारून, विमानाने चेन्नई गाठिली. तेथे सोमवारी पहाटे विमानतळाच्या नळाचे पाणी हातावर घेऊन, पूर्व कोणती ते झाडूवाल्या बाईस पुसून, बाईंनी संकल्प सोडला. त्या पुसण्यानंतर मुख बंद. मग दुसरे विमान उडाले, आणि दहा घटका दुलीचंदजी खिडकीतल्या ढगांविषयी शेजारच्या तमिळ गृहस्थांस माहिती देत राहिले.

क्वालालंपुरी उतरून रांगेचा मोर्चा नाक्याशी भिडला, तेव्हां भिंतीवरचे घड्याळ बारा वाजून दहा मिनिटे दाखवीत होते. नाक्यावर डोईस रुमाल बांधिलेली एक अंमलदारीण, मुद्रा गंभीर. तिने इंग्रजीत पुसिले की, किती दिवस राहणार? दुलीचंदजी पुढे सरले आणि छाती काढून वदले, "नो लिमिट मॅडम! जितना मन करे! फ्री है ना!"

अंमलदारिणीची भुवई चढली. तिने परतीचे तिकीट मागितले. दुलीचंदजींनी मोबाईल काढिला, तो चेन्नईपासून ढगांचे फोटो काढून काढून प्राण सोडून बसला होता. मग तिची नजर बाईंवर गेली. तिने बाईंस पुसिले. बाई गप्प. पुन्हा पुसिले. बाई गप्प. तेव्हां तिचे मनी शंका आली की, हा बडबड्या इसम या मुक्या बाईस तिच्या मर्जीविरुद्ध तर नेत नाही?

दुलीचंदजींचे धाबे दणाणले. "वं तुळसा, बोल न! पाह्य, बारा वाजून गेले!"

बाईंनी मनगट वर केले. त्यांचे घड्याळ बालाघाटचे. त्यात नऊ वाजून चाळीस मिनिटे.

"अवं, इथले बारा वाजले न! देव का घड्याळ पाहून राह्यला? वापस धाडतीन आपल्याले, दीप्ती बाहेर उभी आहे!"

बाईंनी मान हलविली. संकल्प बालाघाटच्या वेळेने सोडिला, तो बालाघाटच्या वेळेनेच सुटावयाचा. बोलावे तर अकरा वर्षांचे व्रत मोडते, न बोलावे तर लेकीचे तोंड न पाहता माघारी जावे लागते, ऐसा पेच पडला. इतक्यात हुकूम जाहला की, पुरुषाने पिवळ्या रेघेमागे हटावे. दुलीचंदजी हटले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांस बोलण्यास माणूस उरले नाही. मग त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात लांजकाईस साकडे घातले, "माय, एवढ्यातून सोडव. उद्या सकाळपासून दुपारी बारापर्यंत मीही तोंड उघडनार नाही."

इकडे बाईंनी लाल थैली सोडिली. दिवसांचा सवाल आला, तो परतीचे तिकीट पुढे, तारखेवर बोट: नऊ दिवस. मुक्कामाचा सवाल आला, तो कन्येचे निमंत्रणपत्र पुढे. फॉर्म, पैसे, पासपोर्टाची मुदत, जो वार येई त्यास कागदाची ढाल. शेवटी घड्याळातल्या बारावर बोट ठेविले, मग ओठांवर ठेविले, मग वर आभाळाकडे पाहून हात जोडिले. अंमलदारीण थबकली. रमजानाबाहेरही भाविक सोमवारी धरितात तो रोजा तिचाही त्या दिवशी होता. तिची मुद्रा मऊ जाहली, आणि तिने रेघेमागील इसमाकडे दाखवून खुणेनेच पुसिले, या माणसासंगे खुशीने आलात काय?

बाईंनी वळून दुलीचंदजींकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. दुलीचंदजींस घाम फुटला. मग बाईंनी हौ म्हणोन मान डोलविली, आणि अंमलदारीण तोंडावर हात ठेवून हसली.

येणेप्रमाणे सोमवारी, मलेशियाचे घड्याळी बारा वाजून एकतीस आणि बालाघाटचे घड्याळी दहा वाजून एक या समयी, एक शब्द न उच्चारता नाके सर जाहले. दोन्ही पासपोर्ट मंजूर होऊन तीस दिवसांची मुभा मिळाली. घायाळ: दुलीचंदजींची ऐट. व्रत: अखंड. कन्येने दारात मिठी घातली. मग नेम सुटताच बाईंचा पहिला शब्द निघाला तो ऐसा, "नऊ दिवस म्हंजे नऊ दिवस. मन भरेपर्यंत नाही." फत्ते जाहली ती येथे नोंदिली असे.

दुसरे दिवशी सकाळी दीप्तीने चहा आणिला आणि पुसिले, "बाबा, साखर किती टाकू?" दुलीचंदजींनी तोंड उघडिले, आणि मिटले, आणि दोन बोटे दाखविली. "गळा बसला का बाबा?" तुळसाबाईंनी देवघराकडून मान वळवून एकवार पाहिले, आणि पुन्हा वाती वळू लागल्या. दुलीचंदजींनी चहा संपविला, हळूच चपला घातल्या, आणि ज्या बाकावर दुसरे कोणी बसलेले नसेल ऐसा बाक शोधावयास खालच्या बागेत उतरले.