दाजींनी उतरवलेला विमा

“कागदार माणसाचा नाव घालू नको गो सुभद्रा. वाळूर लिवलेला लाट तरी पुसता. कागदार लिवलेला कोण पुसतलो?”

सासूबाई हे म्हणाल्या तेव्हा त्या सुपात कुळीथ घोळत होत्या आणि मी त्यांच्यासमोर पाटावर फॉर्म ठेवून पेनात शाई भरत होते. मी हसले. मोठ्याने नव्हे, पण हसले. मी कोल्हापुरात राहून बी. ए. झालेली, आणि माझ्या सासूबाई, काशीबाई, सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या. फॉर्म कसा भरायचा ते मी त्यांना विचारायचं? आता कोणी कसलाही फॉर्म पुढे केला की मला आधी सुपातल्या कुळथांचा आवाज ऐकू येतो.

त्या फॉर्मचं मूळ म्हणजे माझा धाकटा दीर, भाई. तो एडनच्या बंदरात नोकरीला. नऊ वर्षांत दोनदा घरी आलेला. तिसऱ्यांदा आला तो त्रेसष्टच्या जानेवारीत, मुंबईहून आगबोटीने, आणि त्याच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक उतरली. आम्हाला वाटलं, लुगडी असतील. ट्रंकेतून निघाला नाकासकट चेहरा झाकणारा काचेचा चष्मा, एक वाकडी नळी, बेडकाच्या पायांसारखे दोन रबरी पंजे आणि चार स्क्रूंनी घट्ट आवळलेली एक जड धातूची पेटी. पेटीला पुढे काच, झाकणाला पाणी अडवणारी रबराची कडी, आत कॅमेरा. पाण्याखाली फोटो काढायचा.

“पाण्याखाली? कोणाचे?” सासूबाईंनी विचारलं.

“माशांचे.”

“मासे दाजी रोज दारात हाडता. हयसरच काढ मगे.”

दाजी म्हणजे आमच्या घराशी चाळीस वर्षं बांधलेले होडीवाले. भाईला पोहायला त्यांनीच शिकवलं. माझी तुळसा जन्मली ती भर आषाढात. कोळंबची खाडी दुथडी भरलेली, डॉक्टर पलीकडे, आणि मी होडीत कळांनी विव्हळते आहे. दाजी वल्ही मारता मारता एकच म्हणत होते, “माझ्ये होडयेतसून अजून नारळ पण पाण्यात पडाक नाय, सूनबाय. तू खंय पडतलंस?” हाच त्यांचा अभिमान. घर, जमीन, दागिना काही नाही. चाळीस वर्षांत विश्वासाने होडीत ठेवलेली एकही वस्तू बुडाली नाही, एवढंच काय ते मिरवायला.

तर ट्रंकेच्या तळाशी निळ्या कागदांचा एक जुडगा होता. भाई म्हणाला, “ह्या सगळ्याचा विमा उतरवलाय, वयनी. परदेशात ऱ्हवताना, फिरताना, खंयपण.” त्याने पहिलं पान वाचलेलं होतं. मी अकराही वाचली. मी तशीच आहे. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा मी दोन्ही बाजूंनी वाचते.

“पण भावजी, मालवण म्हणजे तर तुमचं घर. इथे हा विमा कसा चालेल?”

“कागदार माझो पत्तो एडनचो. म्हणान मालवण परदेशात धरला.”

सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. “माझ्या पोटचो तू, आणि मालवण परदेश?”

“कागदार गो, आये.”

“मगे कागदाकच जेवूक वाढतंय!”

त्या दिवसापासून त्यांनी भाईला नावाने हाक मारणं बंद केलं. जेवताना मुद्दाम पाट मांडायच्या, वर पाण्याचा तांब्या, आणि विचारायच्या, “पावण्यांनू, सोलकढी घालू? तुमच्या देशात गावना नाय ती.” माझे यजमान कणकवलीच्या कचेरीत असतात, शनिवारी घरी येतात. त्यांनी हे ऐकलं आणि सोमवारची गाडी सोडून रविवारचीच पकडली.

दाजींनाही विम्याचं कुतूहल वाटलं. “म्हणजे काय ता, सूनबाय?”

मी शाळेतल्या बाईंसारखी समजावून सांगितलं. वस्तू मोडली, बुडाली, तर कंपनी भरून देते.

“म्हणजे आधी बुडाची वाट बघूची?”

“तसं नाही, दाजी...”

“आमचो विमो आधी लावतत,” दाजी म्हणाले. “मोरीचा तेल. दर वर्साक होडयेक लावतंय. चाळीस वर्सां झाली, एक फळी कुसाक नाय.”

आमच्याकडे मोरी म्हणजे शार्क. तिच्या काळजाचं तेल होडीच्या लाकडाला लावतात. ते लावलेली होडी वाऱ्याच्या कुठल्या बाजूला आहे हे डोळे मिटून सांगता येतं. मी हसून मान हलवली. दाजींना वाटलं, सूनबायने हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र काचेसारखा होता. भाईची घाई चाललेली, आणि मला सातव्या कलमाची चिंता. सातवं कलम असं की, प्रत्येक वापराआधी कॅमेऱ्याचा नंबर एका जबाबदार माणसाने लिहून ठेवावा. भाई म्हणाला, “तूच लिही वयनी. हय जबाबदार तूच एकटी.” मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. नंबर कॅमेऱ्याच्या पोटावर होता, म्हणून मी पेटीचे चारही स्क्रू सोडले. तुळसा माझ्या कडेवर होती. तुळसाला मी खाली ठेवत नाही. खाली मुंग्या असतात, अंगणात नारळ पडतात, आणि समुद्र तर समोरच आहे. तिच्या डोक्यावर मी विणलेलं लाल लोकरीचं टोपडं होतं आणि त्याचा गोंडा नेहमीप्रमाणे तिच्या तोंडात. त्या टोपड्यावरून सासूबाई रोज बोलायच्या: “मालवणात लोकर? पोराक वाफवतस काय गो?” मी नंबर लिहिला, पेटी मिटली, स्क्रू आवळले. मग पुन्हा आवळले. दारापर्यंत जाऊन परत आले आणि तिसऱ्यांदा आवळले.

भाई पेज जेवत होता तेवढ्यात दाजी सगळं सामान उचलून किनाऱ्यावर घेऊन गेले. आम्ही पोचलो तेव्हा होडीभोवती गावातली झाडून सारी मांजरं जमली होती. आत चष्मा, नळी, पंजे आणि पेटी उन्हात लखलखत होती, आणि दाजी करवंटीतलं उरलेलं तेल फडक्याने पेटीच्या कडांना चोळत होते.

“दाजी! ह्या काय केलास?”

“विमो उतरयलंय,” दाजी म्हणाले. चेहऱ्यावर पुरतं समाधान. भाईने स्वतःच्या लुंगीने काच पुसली. लुंगी कामातून गेली, वास गेला नाही.

भाईने पहिली बुडी मारली आणि लगेच वर आला. चष्मा ओरबाडून काढत ओरडला, “दाजी, माझ्या तोंडात मोरी मेली!” नाकाला गमछा बांधून तो दुसऱ्यांदा गेला आणि नाकात पाणी जाऊन वर आला. तिसऱ्यांदा मात्र बराच वेळ खाली राहिला. किनाऱ्यावर मी तुळसाला इतकी घट्ट धरून उभी होते की ती रडायला लागली. शेवटी भाई पेटी डोक्यावर धरून वर आला. काचेच्या आत पाणी हिंदकळत होतं.

“तेलान रबर फुगला!” होडीच्या कडेला लोंबकळत भाई म्हणाला. “तेलानच झाला ह्या.”

दाजी पेटीकडे बघत राहिले. “माझ्ये होडयेतसून...” एवढंच म्हणाले. नेहमीचं ‘पडाक नाय’ सोडून दुसरा शेवट त्यांना कधी जोडावाच लागला नव्हता, त्यामुळे तो सुचला नसावा.

भरपाई मागायच्या फॉर्ममध्ये चौदावा प्रश्न होता: नुकसान कोणाच्या निष्काळजीपणामुळे झाले? नाव, वय, पत्ता. भाई म्हणाला, “काय तरी लिव.” पण मला ‘काय तरी’ लिहिता येत नाही. चौकट रिकामी ठेवली तर फॉर्म परत येईल, ही भीती. तेव्हाच सासूबाईंनी ते वाळूचं आणि कागदाचं सांगितलं.

“दाजींना काही होणार नाही, आई. नुसती पद्धत असते.”

मी लिहिलं. तीन प्रतींत, कार्बन घालून, ठसठशीत अक्षरांत.

दाजी त्या दिवशी मासे घेऊन आले ते उंबऱ्याबाहेरच थांबले. “सूनबाय, माझा नाव लिवलंस?”

“पद्धत असते, दाजी.”

“वाच बघूया.”

फॉर्म इंग्रजी. मी मराठी करून वाचला. निष्काळजीपणापाशी त्यांनी थांबवलं. “ह्या काय ता?”

“म्हणजे... लक्ष नसणं.”

दाजींनी हातातले बांगडे केळीच्या पानावर ठेवले, एकेक, शेपट्या एका रांगेत करून, आणि गेले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं, की कंपनीचा मुंबईचा तपासनीस वेंगुर्ल्याला काजूच्या गोदामासाठी येतो आहे, तो मालवणलाही येऊन जाईल. पोस्टमन ओटीवर पत्र देऊन पाणी प्यायला, आणि बातमी गावात गेली. मासळी बाजारात तपासनिसाचा पोलीस झाला. धक्क्यावर त्याच्या हातात बेड्या आल्या. संध्याकाळी शेजारची शेवंती धावत आली, “काशीबाय, दाजीक एडनाक नेतले म्हणतत, खरा काय?” मी चप्पल घालून किनाऱ्यावर गेले. दाजींची होडी नव्हती. लोक म्हणाले, ते मिठबावला बहिणीकडे, गोदूबाईकडे गेले.

तपासनीस आले ते एक बारीकसे, सर्दी झालेले गृहस्थ. वासाचा त्यांना काही त्रास नव्हता. सासूबाईंनी चहा देत विचारलं, “खंयच्या देशातले तुम्ही?”

“मुंबईचा, आजी.”

“म्हणजे परदेशातलेच. बसा.”

त्यांनी पेटी उघडली, रबराची कडी काढून उन्हात धरली, ताणली, दाबली. “रबर तर ठणठणीत आहे,” ते म्हणाले. “तेल बाहेरच राहिलं. उलट पेटीवर गंजाचा ठिपका नाही. चांगलं तेल आहे हो.” मग कडीच्या खाचेतून त्यांनी चिमट्याने काहीतरी ओढलं. बोटाच्या पेराएवढा एक लाल धागा. लोकरीचा.

“हा इथे अडकला आणि झाकण नीट बसलं नाही. एवढ्याशा फटीतून समुद्र आत येतो, बाई.”

तुळसा सासूबाईंच्या खांद्यावर झोपली होती. मी काही बोलण्याआधी सासूबाईंनी पदर ओढून तिचं डोकं झाकून टाकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“पेटी शेवटी कोणी उघडली होती?” तपासनिसांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. नंबर लिहिलेला कागद माझ्याच हातात होता. भाई म्हणाला, “दाजींकडेच होती हो. त्यांच्या फडक्याचा धागा असेल.”

लोकरीचं फडकं मालवणात कोण वापरतो, हे त्या सद्‍गृहस्थांनी विचारायला हवं होतं. पण त्यांना कणकवलीची एसटी पकडायची होती. त्यांनी लिहिलं: नावाड्याच्या फडक्यातील धागा. आणि मी, जी औषधाचा कागद दोन्ही बाजूंनी वाचते, ती गप्प बसले. एसटीची वेळ झाली, माणसं उठली, चहाच्या कपबशा गोळा केल्या, आणि बोलायची वेळ निघून गेली. खोटं असं तर मी काही बोलले नव्हते. फक्त तोंड मिटलं.

विम्याची भरपाई मंजूर झाली. भाई एडनला परतला, नवा कॅमेरा घेतला, आणि माशाचा पहिला फोटो पाठवला. सासूबाईंनी तो लांब धरून पाहिला. “तांबोशी,” म्हणाल्या. “आमटयेत बरी दिसली असती.” माझी पाठ फिरल्यावर मात्र फोटोवरून हात फिरवत होत्या.

मला झोप लागेना. दोन महिन्यांनी मी कंपनीला रजिस्टर पत्र लिहिलं: पेटी मी उघडली, टोपडं माझ्या मुलीचं, नावाडी निर्दोष आहे, कृपया त्याचं नाव काढावं. उत्तर आलं: ‘आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. प्रकरण बंद झाल्यामुळे कागदपत्रांत बदल करता येत नाही. सोबत घरगुती वस्तूंच्या विम्याचे माहितीपत्रक जोडले आहे.’

ते माहितीपत्रक सासूबाईंनी कुळथाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं. “कागदाक सांगून काय उपेग?” म्हणाल्या. “दाजीक सांग.”

तेच तर होत नाही. दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा गोदूबाईकडून एकच उत्तर, दाजी घरात नाहीत. स्वतः जायला हवं, पण वाटेत खाड्या आहेत, तरीच्या होडीतून पलीकडे जावं लागतं. तुळसाला मागे ठेवून मला जाववत नाही, आणि तिला घेऊन मी कोणाच्या होडीत बसू? मला विश्वासाची अशी एकच होडी ठाऊक होती.

म्हणून तुमच्यापैकी कोणी मिठबावच्या बाजूला जाणार असाल, तर गोदूबाईच्या घरी जरा डोकावून या. दाजी नाहीत म्हणाली तर मागच्या अंगणात बघा. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा हे सगळं त्यांना वाचून दाखवा, आणि निष्काळजीपणा हा शब्द आला की तिथे माझं नाव घ्या. सुभद्रा. वय सव्वीस. पत्ता त्यांना माहीत आहे. त्यावर ते काय म्हणतात ते मला कळवा. काहीच म्हणाले नाहीत, तर निघताना त्यांच्या होडीपाशी मिनिटभर उभे राहा आणि यंदा तिला तेल लावलंय का, तेवढा वास घेऊन या.