मयत शिंपिणीवर आरोप

शनिवार, संध्याकाळचे सात. तिसऱ्या मजल्यावरचा दिवाणखाना. पडदे ओढलेले, दिवे मंद, टीव्ही चालू. घटनास्थळी चार माणसं: एक गुन्हे वार्ताहर, त्याची बायको, बायकोची थोरली बहीण आणि त्या बहिणीचा दंतवैद्य नवरा. जखमी कुणी नाही. (वार्ताहराच्या मते एक जण होता, पण त्याची नोंद कुणी घेतली नाही.)

प्रकरणाचं मूळ एका डिटेक्टिव्ह मालिकेत होतं. दर सीझनला नवं गाव, नवा मुडदा, नवा डिटेक्टिव्ह. नट मात्र फिरून तेच सात-आठ. सगळे भाग एकदमच येऊन पडायचे, पण ताईंनी, म्हणजे थोरल्या मेहुणीनं, पहिल्याच वर्षी नियम घालून दिला होता. दर शनिवारी एकच भाग, आणि तोही चौघांनी मिळून. पुढचा भाग एकट्यानं पाहणं म्हणजे घरफोडी. मालिका पाहायचं खातं दोन्ही घरांत मिळून एक, त्यामुळे मोहही दोन्ही घरांना सारखाच.

वार्ताहराला मालिकेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं आयुष्यात इतके खरे पंचनामे पाहिले होते की खोट्या खुनासमोर त्याचे डोळे आपोआप मिटत. मागचा अख्खा सीझन त्यानं सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात झोपून काढला होता. त्याला सलत होता तो साडू.

साडू दर सीझनला, शेवटच्या भागाच्या एक शनिवार आधी, कप खाली ठेवून खुनी कोण ते सांगायचा. आणि बरोबर सांगायचा. तेही दातांवरून. "हा माणूस झोपेत दात खातो, झिजलेत बघा. मनात काहीतरी आहे याच्या." मग वार्ताहराची बायको साडूकडे एका विशिष्ट नजरेनं पाहायची. ती नजर वार्ताहराच्या वाट्याला शेवटची आली होती ती लग्नाआधी, त्याची पहिली बातमी नावानिशी छापून आली तेव्हा.

"भाऊजी, तुम्ही पोलिसांत जायला हवं होतं," ती म्हणायची.

"पोलिसांत मी रोज जातो," वार्ताहर कोपऱ्यातून म्हणायचा.

"तुम्ही चहा प्यायला जाता."

अशात कचेरीत रविवारच्या पुरवणीच्या संपादिकेनं विचारलं, ही मालिका सीझनमागून सीझन टिकते कशी, यावर कुणी लिहील का? वार्ताहरानं हात वर केला आणि घरी येऊन सहज म्हणून सांगितलं. (सहज नव्हतं. जिन्यात दोनदा घोकलं होतं.)

"तुम्ही?" बायको म्हणाली. "तुम्ही तर झोपता. भाऊजींना विचारा ना, त्यांचा किती अभ्यास आहे."

"अगं, लेख लिहायचाय. दाढ भरायची नाहीये."

"मग असं करू. येत्या शनिवारी जो खुनी बरोबर सांगेल त्यानं लिहायचं."

तीस वर्षं ज्यानं खून, दरोडे, अफरातफरी लिहिल्या, त्यानं कवळ्या बसवणाऱ्या माणसाशी शर्यत लावायची. वार्ताहराचं रक्त उसळलं. आणि रक्त उसळलं की तो जे नेहमी करतो तेच त्यानं केलं: आतल्या गोटातून माहिती काढायची ठरवली.

गुरुवारी दुपारी, जेवायच्या सुट्टीत, त्यानं कचेरीतल्या कॉम्प्युटरवर मालिका लावली. मागच्या टेबलावर मुख्य उपसंपादक डबा खात होता, म्हणून आवाज बंद. पडद्यावर सगळ्या सीझनची चित्रं ओळीनं मांडलेली, आणि एकूण एक चित्रात धुकं, दिव्याचा खांब आणि पाठमोरा रेनकोट. त्यानं त्यातलं एक दाबलं, शेवटचा भाग उघडला आणि थेट शेवटाकडे गेला. पिकल्या केसांचा अंबाडा घातलेली एक बाई टेबलाशी बसून रडत होती. रडून झाल्यावर तिनं कागदावर सही केली आणि पोलिसांच्या गाडीत जाऊन बसली. वार्ताहरानं तिला ताबडतोब ओळखलं. दर शनिवारी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पाहिलेली ती शिंपीण.

कचेरीतल्या नव्या पोरांना तो कायम एकच गोष्ट बजावत आला होता: दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. त्या दुपारी त्यानं एका मुक्या बाईच्या भरवशावर पानभर लेख लिहिला. लिहिलाच आहे तर पडून कशाला राहायचा, म्हणून संपादिकेला देऊनही टाकला. पुरवणी गुरुवारीच छपाईला जायची. लेखाचं शेवटचं वाक्य होतं: 'शिंपिणीनेच खून केला, हे या वार्ताहराच्या नजरेने केव्हाच टिपले होते.'

तर तो शनिवार. पाचवा भाग संपला. साडूनं घसा खाकरून कप खाली ठेवायला घेतला.

"थांबा साडूभाऊ," वार्ताहर म्हणाला. "आज आधी मी."

"बोला की."

"शिंपीण."

ताईंनी बहिणीकडे पाहिलं.

"शिंपिणीनं काय केलं?" ताईंनी विचारलं.

"खून."

"कुणाचा?"

इथे वार्ताहर किंचित अडखळला. खून कुणाचा झाला, हा तपशील त्यानं गोळा केला नव्हता.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "खून तिचाच झालाय. पहिल्याच भागात, दुकानात."

"पण आत्ता तर ती मशीनवर बसली होती."

"ते तिच्या भावाला आठवत होतं. काळंपांढरं दिसतं ना, ते जुनं असतं."

शहाण्या माणसानं इथे हसून विषय बदलला असता. पण वार्ताहर आमदारांपुढे मागे हटला नव्हता, तो एका प्रेतापुढे काय हटणार?

"प्रेत दाखवलं?"

"दाखवलं."

"चेहरा दिसला?"

"चेहराच दाखवत होते. तुम्ही घोरायला लागलात म्हणून आवाज वाढवला आम्ही."

"पण नाडी पाहिली का कुणी? मेली असं म्हणतंय कोण? डिटेक्टिव्ह म्हणतो. म्हणजे एकाच माणसाचं म्हणणं."

ताईंनी उशी तोंडावर दाबून धरली. बायको डोळे पुसत होती. साडू तेवढा हसला नाही. त्याच्या हातातलं बिस्किट चहात बुडून विरघळलं तरी त्याचं लक्ष नव्हतं.

आणि मग बायको हसायची थांबली. (वार्ताहरानं अनेक सरकारी वकील पाहिलेत. हसायचं थांबलेली बायको त्याला त्यांच्याहून जड जाते.)

"एक सांगा. ही नटी खुनी होती, पण मागच्या सीझनला. शाळेतली बाई झाली होती."

"असेल."

"आणि मागचा सीझन तुम्ही सगळा झोपून काढलात."

"सगळा नाही."

"सगळा. मग ती खुनी म्हणून तुम्ही पाहिली कधी?"

वार्ताहरानं छताकडे पाहिलं. छतानं मदत केली नाही.

"कचेरीत," तो म्हणाला. "जेवायच्या सुट्टीत. आवाज बंद करून."

"चुकीचा सीझन?"

"चित्रं सारखीच आहेत गं सगळी."

"म्हणजे त्या दिवशी डबा तसाच परत आला तो यापायी?"

ताईंना दया आली. "जाऊ दे गं," त्या म्हणाल्या, "घरातल्या घरातच आहे ना?"

"घरातल्या घरात नाही," वार्ताहर म्हणाला. "उद्याच्या पुरवणीत आहे."

तेव्हा कुठे साडूनं तोंड उघडलं. खाली बघत, बिस्किटाचा गाळ चमच्यानं ढवळत तो म्हणाला, "तरीसुद्धा, शिंपिणीला अगदीच सोडून देऊ नये असं मला वाटतं. तिनं स्वतःच स्वतःला संपवलं असेल, आणि आळ मात्र दुसऱ्यावर यावा अशी सोय केली असेल. खाताना एकाच बाजूनं चावते ती. कसलं तरी मोठं दुखणं लपवतेय."

"बाई गं," बायको म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत ती नजर आली. "भाऊजी, हे दुसऱ्या कुणाच्या डोक्यात तरी आलं असतं का?"

"माझ्या आलं," वार्ताहर म्हणाला. "आत्ताच. याच सोफ्यावर. सगळ्यांच्या देखत."

"तुमचं वेगळं. तुम्ही चुकून म्हणालात."

रविवारी पुरवणी आली. वाचकांचे इतके फोन आले की संपादिकेनं स्वतःचा फोन ड्रॉवरमध्ये ठेवला. मंगळवारी आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, खुलासा छापून आला: 'सदर शिंपीण ही मालिकेतील मयत असून तिच्यावर अनवधानाने आरोप झाला. वार्ताहर दिलगीर आहे.' तो त्यानं स्वतःच लिहिला होता. उपसंपादकानं त्यात एकही दुरुस्ती केली नाही. असं तीस वर्षांत पहिल्यांदा घडलं.

पुढच्या शनिवारी चौघं पुन्हा बसले. ताईंनी सहावा, म्हणजे शेवटचा भाग लावला, आणि पडद्यावर संगीत वाजून सरसर नावं वर जायला लागली. नट, छायाचित्रण, वेशभूषा. भाग शेवटापासून सुरू झाला होता. म्हणजे तो या खात्यावर कुणीतरी आधीच शेवटपर्यंत पाहून संपवला होता.

तिघांनी वार्ताहराकडे पाहिलं.

"मी मागच्या सीझनचा पाहिला," तो म्हणाला. "चुकीचा. तुम्हीच सगळे हसलात ना त्याला? हा कुणी पाहिला?"

"अहो, पुरे आता," बायको म्हणाली.

"अगं, पण माझ्याकडे पुरावा आहे. मी चुकलो, हाच पुरावा."

"चहा टाकू का?" साडूनं विचारलं. आजवर या घरात त्यानं कधी चहा टाकला नव्हता. तो उठून स्वयंपाकघरात गेला, आणि साखर कुठे आहे हे विचारायलाही बाहेर आला नाही.

भाग मागे नेऊन पहिल्यापासून पाहिला. शिंपिणीनं स्वतःच स्वतःला संपवलं होतं, आपल्या घरमालकाला फासावर चढवण्यासाठी. बायकोनं टाळ्या वाजवल्या, साडूसाठी. म्हणजे वार्ताहराची बातमी खरी होती आणि खुलासा खोटा. सोमवारी त्यानं खुलाशाचा खुलासा मागितला, तर संपादिका म्हणाली, "एका मेलेल्या बाईला आणखी किती जागा देऊ?" आणि नवा लेख साडूकडून लिहून घेतला.

तो छापूनही आला, पांढऱ्या कोटातल्या फोटोसकट. त्यात साडूनं लिहिलं होतं, 'ही मालिका टिकते, कारण ती गोष्ट बदलते पण चेहरे बदलत नाही. मागच्या सीझनचा खुनी यंदा बळी होऊन समोर येतो आणि आपली आठवणच आपल्याला चकवते. माझे साडू याचे उत्तम उदाहरण आहेत.' बायकोनं लेख कापून फ्रिजवर लावला. वार्ताहर रोज सकाळी दुधासाठी फ्रिज उघडतो आणि स्वतःला उदाहरण म्हणून वाचतो.

सहावा भाग त्या संध्याकाळी शेवटापासून का सुरू झाला, याचा खुलासा चौघांपैकी कुणीही अद्याप केलेला नाही. घरात संशयित एकच आहे, आणि तो झोपला होता असं आता कुणी मान्य करत नाही.