आले कोण?

इंग्लिशला घाबरणारी माणसं वेगळी आणि योगिनी वेगळी! दहावीच्या सहामाहीत तुलनेच्या वाक्यांचा आख्खा प्रश्न तिनं बिनचूक सोडवला होता. तेव्हापासून चिखलीच्या घरकुल वसाहतीत तिची मान लिफ्टच्या आधी वर पोचायची.

आई विजयश्रीचा डब्यांचा धंदा. चाकणच्या एका कंपनीतून मधूनमधून रव्याच्या लाडवांची ऑर्डर यायची. साहेब मेसेज इंग्लिशमध्ये करायचे, खाली सही नुसती ‘जी. के. पी.’ एवढी अक्षरं लावणारा माणूस तिकडे दक्षिणेतलाच असणार, हे योगिनीनं ठरवून टाकलं आणि ती आईच्या फोनवरून त्यांना साजूक तुपातलं इंग्लिश पाठवू लागली. ‘होय’ म्हणायला चार ओळी! या वेळची ऑर्डर नीट गेली की कंपनीच्या रोजच्या नाश्त्याचं कायमचं काम आईला मिळणार होतं. आई त्या आशेवर झाऱ्यासकट सज्ज होती.

मेसेज आला. ‘फॉर फ्रायडे प्लीज सेंड ट्वाइस ॲज मेनी लाडूज ॲज केम लास्ट टाइम.’

“म्हणजे किती?” आईनं विचारलं.

“गेल्या वेळी आले त्याच्या दुप्पट.”

“आले कोण?”

योगिनीला या अडाणी प्रश्नाचा रागच आला. तिनं समजावून सांगितलं, की इंग्लिश माणूस अर्धं वाक्य गिळतो. जेवढे, तेवढे असलं काही लिहीत बसत नाही. ते आपण त्याच्या घशातून ओढून काढायचं. आले म्हणजे लोक आले. गेल्या वेळी, खंडेनवमीला, आईनं ऑफिसपुरते चाळीस लाडू दिले होते. पण मशीनपूजेला आख्खी कंपनी लोटली होती, तीनशे लोक. तीनशे दुणे सहाशे, माणशी दोन! हिशेब असा चपखल बसला की चूक असायला त्यात जागाच नव्हती.

रात्रपाळी करून आलेले वडील, नवनाथ, पांघरुणातून म्हणाले की चाळीसची दुप्पट तर नसेल? एकदा फोन करून विचारावं.

“पप्पा, लाडू कधी येतात का? लाडू पाठवावे लागतात. येतात ती माणसं! आणि फोनवर बोलणार काय? त्यांना मराठी येत नाही, तुम्हाला इंग्लिश येत नाही.”

शेजारचा शेखर ताथवड्याला इंजिनिअरिंगला आहे, त्याला विचारू, असं वडील म्हणायला आणि योगिनीनं मिक्सरचं भांडं आदळायला एकच गाठ पडली. वडिलांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

मग जे सुरू झालं! मदतीला जुन्या गावठाणातल्या छबूबाई आल्या. रवा भाजून भाजून आख्ख्या मजल्याला ठसका लागला. दुकानातला रवा संपला, मग पलीकडच्या दुकानातला. पातेली संपली, ताटं संपली, शेवटी धुतलेली चादर घालून कॉटवर लाडू मांडले. वडील आपल्याच कॉटच्या कडेला, लाडवांची झोपमोड होऊ नये अशा बेतानं, बसून पेंगत होते.

शुक्रवारी लाडवांनी भरलेला छोटा हत्ती टेम्पो आई आणि योगिनीला घेऊन कंपनीच्या गेटवर उभा राहिला. साहेब बाहेर आले, आत डोकावले, चष्मा काढून पुन्हा डोकावले. लग्न कोणाचं आहे, असं त्यांनी इंग्लिशमध्ये विचारलं. त्यांना ऐंशी हवे होते. मागे शिफ्टच्या बसेस अडकून हॉर्न मारायला लागल्या, तसा साहेबांचा आवाज चढला आणि आईचा चेहरा उतरला. नाश्त्याचं काम गेलंच आता!

तो चेहरा बघून योगिनी पेटली. लोक येतात, लाडू येत नाहीत, हे तिनं साहेबांना इंग्लिशमध्ये तीनदा सुनावलं. साहेबांचं एकच, लाडूज केम. पण एवढा संताप मावेल एवढं इंग्लिश काही तिच्याकडे नव्हतं. ती आईकडे वळली.

“आई, ह्या माणसाला साधं जेवढे-तेवढे लिहिता येत नाही. मराठी असता तर असला घोळ घातला असता का? डोक्यात रवा भरलाय नुसता, तोही न भाजलेला.”

“न भाजलेला कशावरून?” साहेब म्हणाले.

हॉर्नसुद्धा थांबल्यासारखे वाटले. जी. के. पी. म्हणजे गणराज काशिनाथ पाटील, मुक्काम जत!

आता आई भडकली. “मग इंग्लिशमध्ये कशाला लिहायलात हो?”

“बाई, तुमची उत्तरं बघून मला वाटलं, तुम्हालाच मराठी येत नाही. एकेक उत्तर मी माझ्या मुलीकडून समजून घ्यायचो.”

आईनं योगिनीकडे फक्त बघितलं. त्या नजरेवर आणखी सहाशे लाडवांचा रवा भाजून निघाला असता.

ऐंशी लाडू उतरवून घेऊन साहेबांनी गाडी परत पाठवली. घराच्या दारात छबूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“लाडू येत न्हाईत म्हनत व्हतीस न्हवं? ह्ये बघ, आलं की घरला.”

पुढे घरकुलात कोणी कोणाकडे गेलं की लाडूच पुढे यायचा. शेखर तर जिन्यात लाडवांचा डबा घेतलेली योगिनी दिसली की उलट्या पावली परत वर जायचा.

आणि एका सकाळी मेसेज आला. स्वच्छ, शुद्ध मराठीत!

‘लाडू उत्तम होते. नाश्त्याचं काम तुम्हालाच देत आहे. सोमवारी गेल्या वेळी आले त्याच्या निम्मे लाडू पाठवा.’

आईनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग फोन योगिनीच्या नाकासमोर धरला.

“आले कोण?”

सहाशे आले होते. ठेवून घेतले ऐंशी. लोक किती आले, देव जाणे. योगिनी सरळ वडिलांना उठवायला गेली.

“पप्पा, तुम्ही तेव्हा फोनचं काहीतरी म्हणत होता ना?”