हळू बोला, निजलंय त्ये

आमच्या औंधच्या शाळेत दगडूआबांनी घंटा दिली, की शाळा सुटल्याचं पोरांच्या आधी खिडकीतल्या मांजराला कळतं. इतकी हळू देतात. मी त्याच शाळेत मास्तर. आबा शिपाई, आणि माझे शेजारी.

"आबा, जरा जोरात!" म्हटलं, की ओठांवर बोट ठेवतात, दुसऱ्या हातानं बेंबीच्या वर थोपटतात आणि कुजबुजतात, "आवं मास्तर, निजलंय त्ये."

त्ये म्हणजे पोटातला रस. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं होतं, की अन्न पचवणारा रस स्वादुपिंडात तयार होतो, पण तिथं तो झोपलेला असतो. आतड्यात उतरला की जागा होतो. तुमच्या घराण्यात एका जनुकात अक्षराची चूक आहे, म्हणून तो घरातच जागा होतो आणि घरच पचवायला लागतो. आबांचे वडील त्याच दुखण्यानं गेले. आबा आणि धाकटा भाऊ, दोघांनाही कळा येतात. बाईंनी तेलकट कमी करा, तंबाखू सोडा, एवढंच सांगितलं. हळू बोलायचं पथ्य आबांनी स्वतःच्या डोक्यानं जोडलं.

आता ते पथ्य अख्ख्या आळीला लागलंय. आबांच्या दारात भाजीवालीसुद्धा "मेथीऽऽ" असं अंगाई म्हटल्यासारखं म्हणते. कुकरनं शिट्टी दिली, की आबा कुकरला रागावतात. आधी मला लय हसू यायचं. पण उन्हं कलताना त्यांच्या ओट्यावर बसलं, तो पोटावर संथ फिरणारा हात बघितला, की माझेच डोळे जड होतात. तिथं बसल्या बसल्या मी कितीदा पेंगलोय.

गेल्या महिन्यात आबांच्या भावाची आठ वर्षांची आरू पोट धरून रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त जनुकाच्या तपासणीला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत आबांच्या घशाखाली धड घास उतरेना. "यमाईला म्हनलं, काय द्यायचं ते मला दे. पोरीला नगं."

रिपोर्ट चांगला आला. ती चूक आरूत उतरलीच नव्हती. पोरीनं ढीगभर चिंचा खाल्ल्या होत्या, एवढंच! घरात पेढे वाटले. मी गेलो तर आबा ओट्यावर एकटेच.

"मास्तर, बाई म्हनल्या, समद्या पोरांत उतरत न्हाई. निम्म्यांना सोडतंय. खरं हाय?"

"खरं आहे आबा."

पोटावर फिरणारा हात त्यांनी थांबवला. मग म्हणाले, "आष्ट्याची पोरगी हुती. सुपारी फुटली हुती. त्यातच आमचे वडील ह्या दुखण्यानं लोळून गेले, आन् मीच मोडलं लगीन. पोटचं पोर असं लोळताना बघायचं नव्हतं मला. तिला कारनबी सांगितलं न्हाई."

आत आरू पेढ्यासाठी आईशी भांडत होती. आबा तिकडं बघत राहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "आमचंबी येखादं पोर सुटलं असतं, न्हवं?"