चैत्रातला मफलर

माझे धाकटे दीर बापूभावजी भर चैत्रातही नाकापर्यंत मफलर गुंडाळत. नगरचं ऊन काय असतं, हे तुम्हा नातवंडांना तिकडे बर्फात बसून कळायचं नाही. कोणी विचारलंच तर भावजी म्हणत, "रातव्याला ओळख दाखवायची परवानगी नाही."

रातवा हा त्यांच्या इंग्रजी कॉमिकमधला मुखवटेवाला वीर; हे मराठी नाव भावजींनीच ठेवलेलं. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. भावजी तिशीचे, कचेरीत कारकून; पण बाजारातून जुनी कॉमिकं आणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसत आणि मला शब्द विचारत.

"वहिनी, 'अलास' म्हणजे?"

"अरेरे."

"अरेरे म्हणून लगेच खिडकीतून उडी?"

एकदा तेही परसदारच्या भिंतीवरून कचेरीला निघाले आणि शेजारच्यांच्या पापडांत उतरले. माफी मागायला मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जावं लागलं.

मफलरामागे देवीच्या रोगाचे वण होते, नाकापासून हनुवटीपर्यंत. त्यापायी दोन स्थळं मोडली होती. म्हणून नेवाशाच्या कुसुमचं स्थळ आलं तेव्हा मामंजी म्हणाले, "मंडळी येतील तेव्हा मफलर राहू दे. सर्दी झालीय म्हण." मुलीच्या वडिलांच्या कानावर घातलं होतं. मुलीला कोणीच सांगितलं नव्हतं. ती शाळेत शिकवणारी, नजर सरळ. तिला पोहे देताना माझी मान वर होईना.

त्याच दिवशी गावात रातव्याचा सिनेमा लागला होता. भावजींच्या हट्टापायी पाहुण्यांसकट सगळे गेलो. मध्यंतराच्या जरा आधी पडद्यावरच्या रातव्याने नायिकेसमोर मुखवटा काढला. आत गोरापान, गुळगुळीत नट. भावजी ताडकन उभे राहिले.

"खोटं आहे हे. पुस्तकात तो काढत नाही."

"ए मफलर, खाली बस की," मागून आवाज आला. "अन् तुला उकडत न्हाई का?"

सगळं थिएटर हसलं. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. मामंजी अंधारात चपला शोधू लागले.

दिवे लागले तसं कुसुमने विचारलं, "पुस्तकात तो कधीच काढत नाही?"

"वाचणाऱ्यांपुढे नाही." भावजी जमिनीकडे पाहत म्हणाले. "घरी काढत असेल. बायकोला दिसत असेल. तेवढं चित्र छापत नाहीत."

"तिला लग्नाआधी दाखवतो, की नंतर?"

मामंजी खोकले. भावजींनी मफलर सोडला. गाठ सुटायला वेळ लागला. कुसुमने निवांत पाहिलं.

"म्हणजे सर्दी नाहीये," ती म्हणाली आणि शेंगांचा पुडा त्यांच्यापुढे धरला.

आमच्याकडे भावजी भिंतीकडे तोंड करून जेवत. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणीही त्यांना "इकडे वळा" म्हटलं नव्हतं. दिवे मालवले, रातवा पुन्हा उड्या मारू लागला, तरी भावजी तिच्याकडे वळून शेंगा खात होते.