कुंभलकरांची दुसरी सायकल

आमचे शेजारी ताराचंद कुंभलकर एकच डोंगर एका सकाळी दोनदा चढतात. पहिल्यांदा निळ्या सायकलवर. मग खाली येऊन निळी झाडाला टेकवतात, घोटभर पाणी पितात आणि तोच डोंगर, तीच पायवाट, तेच दगड काळ्या सायकलवरून पुन्हा. या दुसऱ्या फेरीत ते सीटवर बसत नाहीत. बसूच शकत नाहीत. काळीची सीट आहे उंच, आणि कुंभलकर भाऊजी आहेत स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागणारे. त्यामुळे अख्खा चढ ते पायडलवर उभे राहून चढतात. शाळेतलं पोरगं बापाची सायकल चोरून चालवतं, तसे. वय सहासष्ट.

ही ऐकीव गोष्ट नाही. दोन्ही सायकली माझ्याच टेम्पोतून जातात. माझा केटरिंगचा धंदा आहे आणि टेम्पो मीच चालवते. रामटेकला लोकांची नवसाची जेवणं असतात, बहुतेक रविवारी. अशाच एका रविवारी सकाळी मी नंदनवनच्या आमच्या गल्लीत भाताचे गंज आणि कढया टेम्पोत चढवत होते. भाऊजी फाटकाशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, रामटेकले चालल्या का जी?"

"हो. काहून?"

"दोन सायकली बसतील का?"

"आणि माणसं?"

"मी एकटाच."

मला वाटलं, एक दुरुस्तीला न्यायची असेल. तिकडे माझी भाजी शिजेपर्यंत हे दोनदा डोंगर चढून आले, तेव्हा कळलं की दुरुस्तीची गरज सायकलला नाही. आमच्या ह्यांनी तर निदान करून टाकलं, "एक स्पेअर आहे. पाय दुसरे मिळत नाहीत म्हणून सायकल दुसरी घेतली."

भाऊजी एका कारखान्यात आधी फिटर होते, नंतर तपासणी खात्यात. तिथे प्रत्येक सुटा भाग मापात बसतो का ते बघायचं आणि शिक्का मारायचा: पास किंवा रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर शिक्का कारखान्यात राहिला, जीभ घरी आली. आमच्या फाटकाची बिजागरी रिजेक्ट. माझे साबुदाणा वडे रिजेक्ट, कारण "दोन वडे एका मापाचे नाहीत." ह्यांनी लग्नाच्या वाढदिवसाला केस काळे केले, तर भाऊजींनी त्यांना उजेडाकडे वळवून पाहिलं आणि म्हणाले, "रिजेक्ट. कानाजवळ फिनिशिंग नाही." गल्लीतला नवा रस्ता तर त्यांनी खडी पडली त्याच दिवशी रिजेक्ट केला होता. त्यात मात्र ते बरोबर निघाले.

'पास' मी एकदाच ऐकलं. लिंबाच्या लोणच्याला. त्यालाही पुढे "पण" होतंच.

अशा माणसाबरोबर राहणं सोपं नसतं. त्यांची बायको, सुशीलावहिनी, मुलाकडे पुण्याला गेली ती सुनेच्या बाळंतपणासाठी, दोन महिन्यांकरता. नातू आता शाळेत जातो. भाऊजीही गेले होते एकदा, बारशाला. गेल्या गेल्या त्यांनी फ्लॅटमधले सगळे नळ उघडून पाहिले, दारांच्या चौकटींवरून अंगठा फिरवला, बाथरूमचा उतार उलटा आहे हे पाणी ओतून सिद्ध केलं. सुनेच्या पोळीला म्हणाले, "आकार पास, भाजणी रिजेक्ट." आठवड्याच्या आत नागपूरला परत. "तिथलं पाणी मले सूट नाही झालं," असं गल्लीत सांगितलं. पाण्याचा त्यात काही दोष नव्हता, हे गल्लीला माहीत होतं.

सायकली मुलानंच घेतलेल्या. प्रशांत त्याचं नाव. चार वर्षांपूर्वी दिवाळीला आला होता तेव्हा त्याच्या डोक्यात डोंगरातल्या सायकलिंगचं वारं शिरलं होतं. जाड टायर, गिअर, पुढे शॉकर असलेल्या दोन सायकली घेऊनच घरी आला. निळी पप्पांना, काळी स्वतःला. "पप्पा, आपण दोघं तामियाला जाऊ. छिंदवाड्याच्या पुढे. काय जंगल आहे, काय उतार आहेत, वेडे व्हाल." भाऊजींनी दोन्ही सायकली उलट्या करून तपासल्या आणि ब्रेक रिजेक्ट करून पुन्हा बसवले. प्रशांत सहा फूट उंच. त्यानं काळीची सीट आपल्या उंचीला लावली, चौकापर्यंत चक्कर मारली, आणि भाऊबीज झाल्यावर पुण्याला गेला.

संपलं. तामिया राहिलं ते राहिलंच. दर रविवारी संध्याकाळी आमच्या दोन घरांमधल्या भिंतीपलीकडून फोन ऐकू येतो. भाऊजी फोन लाऊडस्पीकरवर ठेवतात, कारण कानाला लावलेला फोनही त्यांनी रिजेक्ट केलेला आहे. तिकडून, "पुढच्या महिन्यात नक्की, पप्पा." इकडून, "हो हो, काही घाई नाही."

रामटेकला एकदा मी सरळ विचारलं. ते काळीवरून घसरून आले होते, हनुवटी सोललेली, आणि आधी सायकलचं चाक फिरवून बघत होते.

"भाऊजी, सीट खाली घ्या ना. एखाद्या दिवशी दात पडतील."

"कशी घेऊ? ज्याची मशीन, त्याची सेटिंग. दुसऱ्यानं हात नाही लावायचा. आमच्या खात्यात यावरून मारामाऱ्या झाल्या जी." आणि त्यांनी सीटखालच्या दांड्यावरचा एक बारीक ठिपका दाखवला. ठोकून केलेला. प्रशांतनं सीट जिथे लावली होती, ती खूण. चुकून हलली तर परत तिथेच लावता यावी म्हणून.

"मग ती चालवता तरी काहून?"

"उभी ठेवली की गाडी जाम होते."

मी हळद लावायला दिली. त्यांनी हळदीचा वास घेतला, भेसळ नाही याची खात्री केली, मग लावली. थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "अन् मी एकटाच पुढे निघून गेलो तर? तो येईन तेव्हा दोन्ही गाड्यांचे टायर सारखे घासलेले पायजे. त्याची मागे राहिली, असं नाही झालं पायजे."

मी भाजीत मीठ घातलं.

तर अशा त्यांच्या जोडीच्या फेऱ्या चालल्या होत्या. रामटेकच्या मागचा डोंगर झाला. सौंसरकडे माझी लग्नाची ऑर्डर होती तेव्हा पुढे जाऊन सिल्लेवानीचा घाट झाला, दोनदा. तामिया मात्र नाही. मी एकदा म्हटलंही, चला, नेते. तर, "तामिया नाही. ते प्रशांतसोबत."

यंदा फेब्रुवारीत प्रशांत आला. मित्राच्या लग्नाला आला होता, पण रविवार मोकळा होता. भाऊजींनी मला आठ दिवस आधी सांगितलं, मग रोज आठवण केली. मी त्या रविवारची ऑर्डर सोडली. त्यांनी दोन्ही सायकलींच्या साखळ्या रॉकेलनं धुतल्या, दोन सारख्या पाण्याच्या बाटल्या आणल्या. मी पोळ्या, भरली वांगी आणि जवसाची चटणी बांधून घेतली. सकाळी डब्यातली पोळी उलटून पाहत भाऊजी म्हणाले, "आज चालून जाईन." एवढे ते खुशीत होते.

प्रशांत वाईट मुलगा असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. तो चांगला आहे. त्यानं मला "काकू, तुम्ही कशाला त्रास घेता" म्हटलं, डबे उचलून ठेवले, छिंदवाड्यापर्यंत झोपला. पोट सुटलं आहे, कंबर दुखते, खुर्चीतली नोकरी. भाऊजी मध्ये अवघडून बसले होते आणि त्याचं डोकं खिडकीवर आपटू नये म्हणून त्यांनी आपला हात काचेला लावून ठेवला होता.

तामियाला डांबरी रस्ता सोडून एक कच्ची वाट जंगलात उतरते. मुरुमाची, दोन्ही बाजूंना साग. सागाची पानं गळून वाटभर पडली होती, परातीएवढाली, आणि त्यावरून चाक गेलं की पापड मोडल्यासारखा आवाज. खाली दरी, पलीकडे एकामागे एक डोंगर. भाऊजींनी काळी उतरवली, फडक्यानं तिचं हँडल पुसलं आणि प्रशांतच्या हाती दिली.

प्रशांतनं टांग टाकून पाहिली. "अरे यार! ही सीट कोणी एवढी वर केली? पप्पा, असं चालवतात का? पाय टेकायला नको?" आणि त्यानं खटका उघडून सीट खाली ढकलली, पार खाली, दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत.

मी भाऊजींकडे पाहिलं. आता खात्यातलं भांडण होणार असं वाटलं. ते म्हणाले, "हो, वरच होती जरा."

दोघे निघाले. उतार संपून पहिला चढ आला तिथवर मला दिसत होते. प्रशांतनं एक पाय टेकला, मग दुसरा, मग सायकल हातात धरून परत वर आला, धापा टाकत. "काकू, नाही होत. कंबर गेली." मागून भाऊजी आले. तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही करून या ना. मी थांबतो काकूंजवळ. मला एक कॉल पण आहे."

"करून येऊ?"

"हो ना, बिनधास्त."

भाऊजी निळीवर एकटे गेले. पानांचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग बंद झाला. प्रशांत फोन वर धरून रेंज शोधत मोहाच्या झाडाभोवती फिरला. भाऊजी परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी निळी टेम्पोत चढवली, मग काळी. मी वाट पाहत होते. दुसरी फेरी त्यांनी केली नाही. चार वर्षांत पहिल्यांदा.

"झालं?" मी विचारलं.

"गाडीचा मालक हजर हाय," ते म्हणाले. "मी कोण चालवणारा?"

जेवताना प्रशांतनं वांग्यांचं कौतुक केलं. म्हणाला, "पप्पा, काळी आता विकून टाका ना, उगाच जागा अडते." भाऊजींनी चटणी वाढून घेतली. 'रिजेक्ट' म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी त्यांनी कशालाच रिजेक्ट केलं नाही.

सोमवारी प्रशांत गेला. मला वाटलं, आता सायकली गेल्या. पण पुढच्या रविवारी मी टेम्पो काढला तर भाऊजी फाटकाशी उभे, दोन्ही सायकली घेऊन. काळीची सीट तशीच खाली होती.

"वर नाही घेतली?"

"काहून घ्यायची? त्याचीच सेटिंग हाय." त्यांनी दांडा दाखवला. जुना ठिपका दांड्यासोबत नळीत खाली गेला होता, आणि त्याच्या बरंच वर एक नवा ठिपका ठोकला होता, ताजा, चकचकीत. त्यावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "आला होता, बसला होता. हे पाहा, मार्क हाय."

त्या दिवशी रामटेकला ते काळीवर पहिल्यांदा बसून चढले. त्यांच्या उंचीला आता ती सीट अगदी बरोबर येत होती. सहा फुटांच्या माणसाची सायकल बुटक्या माणसाच्या मापाची झाली होती, आणि ते तिच्यावर आरामात, पाठ सरळ ठेवून, दिसेनासे झाले.

परत आल्यावर ते माझ्या चुलीपाशी आले. लसूण सोलायला घेतला, पाकळ्या मापानं लावल्या. मग म्हणाले, "वहिनी, तामियाची एक फेरी बाकी हाय. काळीची."

माझ्यासमोर दीडशे माणसांचा भात होता. मी मान वर न करता म्हटलं, "पुढच्या महिन्यात बघू, भाऊजी."

"हो हो," ते लगेच म्हणाले. "काही घाई नाही."

हा आवाज मी दर रविवारी भिंतीपलीकडून ऐकते. अगदी तोच. मी झारा खाली ठेवला.

"पुढच्या महिन्यात नाही. येत्या रविवारी. ऑर्डर घेत नाही मी त्या दिवशी. सकाळी सहाला फाटकाशी या."

भाऊजींनी लसणाची एक पाकळी उजेडाला धरून तपासली, बाजूला टाकली, दुसरी घेतली.

"सहा म्हणजे सहा," ते म्हणाले. "उशीर केला तर टेम्पो रिजेक्ट करीन, सांगून ठेवतो."