घोड्याचा गुण घातलेले उंदीर, नग सहा

दुष्काळात माणूस माणसाला पाणी विचारत नव्हता, तेव्हा आमचे ओव्हाळमामा पहिलं पाणी उंदरांना पाजायचे. टँकर दोन दिवसांआड यायचा. तुळजापुरात आमच्या गुरांच्या दवाखान्यापुढं घागरींची रांग लागायची, झिंज्या धरण्यापर्यंत भांडणं जायची. आणि हे गृहस्थ घागर घेऊन आत यायचे, तांब्याभर पाणी फडक्यातून गाळायचे आणि पिंजऱ्यातल्या पांढऱ्या उंदरांच्या बाटलीत ओतायचे. मी इथला कारकून. माझ्या घशाला कोरड पडलेली, पण माझ्याकडं ढुंकून बघतील तर शपथ.

"मामा, अहो माणसं मरायलीत तहानेनं!"

"माणूस मागून पितंय, भाऊसाहेब. हे कुणाला मागणार?"

मामा दवाखान्यात ड्रेसर होते, जनावरांची मलमपट्टी करायचे. बेंबळीच्या बौद्धवाड्यातले पहिले पगारदार. आधी पुण्याकडं लस तयार करायच्या एका सरकारी जागी उंदरांच्या खोलीवर बारा वर्षं होते. बदली झाली तेव्हा तिथले मोडीत काढलेले चार उंदीर बिस्किटाच्या डब्यात घालून एसटीनं घेऊन आले. कंडक्टरनं डब्यात काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "स्टाफ." पुढं चाराचे चाळीस झाले, मेले, परत झाले. बिऱ्हाडी मामा एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"उंदीर खोटं बोलत न्हाय," हे त्यांचं पालुपद. म्हैस आजारी असो की शेळी, डॉक्टर औषध लिहायला लागले की मामा मागून हळूच विचारायचे, "उंदराला विचारू का?" गावानं नावच पाडलं, उंदीरमामा. एका टवाळानं तर विचारलं, पोरीच्या लग्नाचा मुहूर्त बघता का उंदरांकडून? मामा गंभीरपणे म्हणाले, "ती चाचणी आपल्याकडं होत न्हाय."

आम्ही लई हसलो त्यांना. हसण्यासारखं तेवढंच होतं त्या साली.

मग टांगा अड्ड्यावरची घोडी खोकायला लागली. डॉक्टर तेव्हा सोसायटीनं उघडलेल्या चारा छावणीवर, दोन हजार जनावरांत अडकलेले. दवाखान्यात उरलो मी आणि मामा. नवरात्राला आठ दिवस होते, आणि इस्माईलभाई टांगेवाले आपली चांदणी घेऊन दारात उभे राहिले. पांढरी घोडी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. नाकातून पाणी गळत होतं.

"मामा, नवरात में नहीं जोती तो सालभर घर में क्या खाना? पण साथ असेल तर जोतत नहीं. तुम बोलो वैसा."

मामांनी घोडीच्या कपाळावर बराच वेळ हात ठेवला. मग तिच्या नाकातलं पाणी घेतलं, मिठाच्या पाण्यात मिसळलं आणि सहा उंदरांच्या नाकात थेंब थेंब सोडलं. पुण्यात साहेबलोक करायचे ते यांनी बारा वर्षं बघितलेलं होतं. आठ दिवस हा माणूस पिंजऱ्यापुढून हलला नाही. उंदीर ठणठणीत. खात होते, एकमेकांच्या अंगावर चढत होते.

"उंदीर खोटं बोलत न्हाय. जुंपा, इस्माईलभाई."

सातव्या माळेला देवळाच्या चढावर चांदणी गुडघ्यांवर आली. नाकातोंडातून फेस. टांग्यातली बाई परडी सांभाळत उतरली आणि चालत पुढं गेली. त्या आठवड्यात अड्ड्यावरची आणखी चार घोडी गेली. सगळी एकाच हौदावर पाणी पिणारी.

डॉक्टर आले, बघितलं आणि म्हणाले, "मामा, ही घोड्यांची साथ. साध्या उंदरावर ती दिसून येत नाही. महिनाभर नुसतं बांधून ठेवलं असतं तरी जगली असती." आणि आल्या पावली छावणीवर परत गेले.

इस्माईलभाईंनी मामांचा हात हातात घेतला. "तुमने तो देखा बिचारी को. अल्ला की मर्जी." पुढं इस्माईलभाई एसटी स्टँडवर यात्रेकरूंची बोचकी उचलायला लागले.

मामांचं पालुपद त्या दिवसापासून बंद. मला ते सोसवेना. म्हणून एकदा पेपरातली बातमी मुद्दाम मोठ्यानं वाचली, की परदेशात कुणी उंदरात दुसऱ्या जनावराचा गुण, जीन का काय म्हणतात तो, घातला आणि उंदीर दुप्पट वाढला.

"म्हणजी घोड्याचा गुण घालता येतोय? मंग घोड्याचं दुखणं त्याला कळंल?"

"उद्या हत्तीचाही घालतील," मी म्हणालो. माझ्या जिभेला काय हाड!

त्या तिमाहीपासून आमचा इंडेंट, म्हणजे मामांनी लिहायचा आणि मी पाठवायचा मागणीचा कागद, जिल्ह्याला असा जायला लागला: कापूस दहा पुडे, टिंक्चर आयोडीन दोन बाटल्या, घोड्याचा गुण घातलेले उंदीर नग सहा. उत्तर यायचं, बाब क्रमांक तीन साठ्यात नाही. मी कपाळ बडवून घ्यायचो. "मामा, वरच्या ऑफिसात माझी अब्रू घालवता!"

"न्हाय म्हणलेत का? साठ्यात न्हाय म्हणलेत."

असं चार वर्षं चाललं. मामांच्या निवृत्तीआधीचा शेवटचा इंडेंट माझ्या टेबलावर आला. शिक्का ओला होता, म्हणून कागद टीपकागदावर उलटा दाबला. मागच्या बाजूला 'प्रयोजन' असा रकाना असतो. तो कुणी भरत नाही आणि कुणी वाचत नाही. मामांनी भरला होता.

"इस्माईलभाईंची चांदणी घोडी माझ्या सांगण्यावरून जुंपली. उंदरांना पुन्हा नीट विचारायचे आहे. चूक माझी, हे त्यांना अजून सांगणे झाले नाही."

मी फाईल काढली. चार वर्षांच्या स्थळप्रती, म्हणजे आमच्याकडं राहिलेल्या नकला, उलट्या करत गेलो. प्रत्येकीच्या पाठीवर तेच, त्याच गिचमिड अक्षरात. मी दर तीन महिन्यांनी त्या माणसावर खेकसत होतो आणि एकदाही कागद उलटला नव्हता. लाज वाटली मला, दुसरं काय.

मी खाली लिहिलं, 'शिफारस आहे', आणि सही ठोकली. उत्तर आलं ते मामांच्या शेवटच्या दिवशी. बाब क्रमांक तीन साठ्यात नाही.

मामा दारात उभे होते. "काय म्हणले, भाऊसाहेब?"

मी कागद घडी करून खिशात घातला. "येतील म्हणाले. वेळ लागंल."

"व्हय?" त्यांनी डोळे पुसले. "मंग पिंजरा धुऊन ठिवतो. आन् इस्माईलभाईकडं जाऊन येतो आजच. आता सांगाय हरकत न्हाय."

त्या साली पावसानं पुन्हा ओढ दिली होती, टँकर दोन दिवस आला नव्हता. घागरी पालथ्या पडल्या होत्या. माझ्या टेबलावर पिण्याचा तांब्या तेवढा भरलेला होता. तो मी उचलला आणि पिंजरा धुवायला त्यांच्यापुढं धरला.